एका कन्सोलमधून हजारो संगणक: एससीसीएम उभं कसं करायचं आणि राखायचं कसं

१४ मे २०१४. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या आयटी विभागाच्या एका सर्व्हरवरून विंडोज ७ नव्याने टाकण्याचा आदेश चुकून सगळ्या विंडोज मशिनींना गेला. लॅपटॉप, डेस्कटॉप, सर्व्हर, कुणीच सुटलं नाही. त्या आदेशातलं पहिलंच काम हार्ड डिस्कचं पार्टिशन पुन्हा करून ती फॉरमॅट करण्याचं होतं. चूक ध्यानात येताच तो सर्व्हर बंद केला गेला, पण तोवर त्याने स्वतःलाही फॉरमॅट मारलं होतं.

यात हॅकर नव्हता, व्हायरसही नव्हता. सॉफ्टवेअरने सांगितलेलं काम चोख केलं, इतकंच.

हे सॉफ्टवेअर म्हणजे मायक्रोसॉफ्टचं कॉन्फिगरेशन मॅनेजर. १९९४ मध्ये ते सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर या नावाने आलं, मग सिस्टिम सेंटर कॉन्फिगरेशन मॅनेजर (एससीसीएम) झालं, २०१९ मध्ये त्याच्या नावात एंडपॉइंट हा शब्द शिरला आणि आता ते इंट्यून या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या व्यवस्थेच्या कुटुंबात मोडतं. हिंजवडीत किंवा ऐरोलीत मात्र ते आजही एससीसीएमच आहे. आपल्याकडची बरीच मुलं परदेशी क्लायंटची ही व्यवस्था इथे बसून सांभाळतात. मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, तिकडच्या उन्हाळ्यात आपल्या रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला येतात. त्यामुळे त्या आठवड्यात त्यांची झोप कुठे जाते, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक असतं.

काम काय करतं हे? कंपनीतल्या प्रत्येक संगणकात कोणता प्रोसेसर, किती रॅम, कोणती सॉफ्टवेअरं आहेत याची नोंद ठेवतं. नवं सॉफ्टवेअर टाकतं, जुनं काढतं, पॅच लावतं, कोऱ्या मशिनीवर विंडोज चढवतं, आणि हेल्पडेस्कच्या माणसाला दूरवरून तुमची स्क्रीन दाखवतं. पन्नास संगणक असतील तर हे हाताने जमेल. पाच हजारांना जमत नाही, आणि न जमल्याची किंमत २०१७ मध्ये जगाने पाहिली. वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम ज्या भोकातून शिरला, त्याचा पॅच १४ मार्चला आला होता. हल्ला झाला १२ मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी पॅच मारला ते वाचले.

आत काय काय असतं

मधोमध साइट सर्व्हर. त्याला जोडून एसक्यूएल सर्व्हरवरचा डेटाबेस. सगळी माहिती आणि सगळे आदेश तिथेच. मग मॅनेजमेंट पॉइंट, म्हणजे संगणक ज्याच्याशी बोलतात ती खिडकी. डिस्ट्रिब्यूशन पॉइंट म्हणजे फायलींचं गोदाम. पॅचसाठी सॉफ्टवेअर अपडेट पॉइंट, ज्याच्या पोटात डब्ल्यूसस हा विंडोजचा अपडेट सर्व्हर असतो. आणि प्रत्येक संगणकावर एक छोटा एजंट, ज्याला क्लायंट म्हणतात.

आपण सगळे ‘पॅच पुश केला’ म्हणतो खरं, पण सर्व्हर सहसा कुणाच्या दारात जात नाही. क्लायंटच ठरावीक वेळाने मॅनेजमेंट पॉइंटकडे येऊन ‘माझ्यासाठी काही आहे का?’ असं विचारतो. मुळात ठरलेलं अंतर साठ मिनिटांचं. काही असेल तर पॉलिसी, म्हणजे आदेशांची यादी, घेतो, जवळच्या गोदामातून फाइल उतरवतो, ठरल्या वेळी चालवतो आणि निकाल कळवतो. म्हणून कन्सोलवर, म्हणजे अ‍ॅडमिनच्या नियंत्रण पडद्यावर, बटण दाबल्यावर दहा मिनिटांत काही दिसलं नाही म्हणून पुन्हा दाबू नये. एससीसीएममध्ये घाई करणाऱ्याचं काम दुप्पट होतं.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट: हा एजंट संगणकावर सिस्टिम या खात्याखाली चालतो. त्याच्या वरचे अधिकार विंडोजमध्ये रोजच्या कामाला कुणाकडे नसतात. म्हणजे कन्सोलवर बसलेला माणूस प्रत्येक संगणकाचा मालक असतो, मग तो संगणक कॅन्टीनच्या काउंटरवरचा असो की सीएफओच्या टेबलावरचा. गावच्या टाकीत टाकलेलं औषध प्रत्येक नळाला पोचतं आणि विषही त्याच पाइपांनी जातं. पुढे सुरक्षेचं जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका वस्तुस्थितीतून येतं.

उभारणी

आधी आवाक्याचा प्रश्न. एक प्रायमरी साइट, म्हणजे एक मुख्य साइट सर्व्हर आणि त्याच्या हाताखालची व्यवस्था, पावणेदोन लाख क्लायंटपर्यंत पेलते. तरीही कित्येक ठिकाणी तीन-चार हजार संगणकांसाठी वर सेंट्रल साइट, खाली दोन प्रायमरी, त्याखाली सेकंडरी असा मनोरा बांधलेला दिसतो. सल्लागाराच्या आराखड्यात तो छान दिसतो, पण पुढची दहा वर्षं सांभाळणाऱ्याला प्रत्येक अपग्रेड चार ठिकाणी करावं लागतं. एकच साइट ठेवा.

साइटचा तीन अक्षरी कोड विचार करून द्या, तो नंतर बदलता येत नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे कंपनीच्या डोमेनमधल्या खात्यांच्या आणि संगणकांच्या नोंदवहीत, सिस्टिम मॅनेजमेंट नावाचा कंटेनर तयार करून साइट सर्व्हरच्या मशीन अकाउंटला (त्या संगणकाच्या स्वतःच्या खात्याला) त्यावर पूर्ण अधिकार द्यायचे, स्कीमा (त्या नोंदवहीचा साचा) वाढवायचा, एसक्यूएल टाकायचं, एडीके (विंडोज चढवण्याची साधनं) टाकायचं, मग मुख्य इन्स्टॉलेशन. सेटअपमध्ये पूर्वतयारी तपासणारं एक साधन आहे. ते पिवळे इशारे दाखवतं, लाल अडथळे दाखवतं. लाल सगळेच मिटवतात, कारण त्याशिवाय पुढे जाताच येत नाही. पिवळेही वाचा.

एसक्यूएल वेगळ्या सर्व्हरवर ठेवायचं की त्याच? डेटाबेस सांभाळणारी डीबीए मंडळी वेगळं मागतात. माझं मत त्याच सर्व्हरवर ठेवावं असं आहे, आणि त्याचं कारण सुरक्षेचं आहे. साइट सर्व्हरचं मशीन अकाउंट त्या डेटाबेसवर सिसअ‍ॅडमिन, म्हणजे सर्वाधिकारी, असतं. एसक्यूएल दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर हल्लेखोर साइट सर्व्हरला फसवून आपल्याकडे ओळख द्यायला लावू शकतो आणि तीच ओळख एसक्यूएलकडे पुढे ढकलू शकतो. एनटीएलएम ही विंडोजची ओळख पटवण्याची जुनी पद्धत, म्हणून याला एनटीएलएम रिले म्हणतात. डेटाबेस हाती आला की स्वतःला पूर्ण अ‍ॅडमिन करून घेणं दोन ओळींचं काम आहे. वेगळं ठेवायचंच असेल तर एसक्यूएलवर अशी ढकललेली ओळख नाकारणारं एक्स्टेंडेड प्रोटेक्शन आणि साइटच्या सगळ्या सर्व्हरांवर एसएमबी सायनिंग (फाइल-शेअरिंगच्या संदेशांवर सही) सक्तीचं करा.

यानंतर बाउंडरी ग्रुप. कोणत्या आयपी पट्ट्यातल्या संगणकाने कोणत्या गोदामातून माल उचलायचा, हे इथे ठरतं. समजा साताऱ्याच्या शाखेत चाळीस संगणक आहेत, लाइन दहा एमबीपीएसची आहे आणि पॅच एक जीबीचा. गोदाम पुण्यात असेल आणि प्रत्येक संगणकाने तो तिथून ओढला तर चाळीस जीबी होतात आणि ती लाइन जवळजवळ नऊ तास तुंबते. शाखेतच एक डिस्ट्रिब्यूशन पॉइंट ठेवला, किंवा पीअर कॅश चालू करून शेजारच्या संगणकाकडून फाइल घ्यायला लावली, तर पुण्याहून एकच प्रत येते. नवी सबनेट, म्हणजे नवा आयपी पट्टा, आली आणि नेटवर्कवाल्यांनी कळवलंच नाही, तर तिथले संगणक कुठल्याच बाउंडरीत बसत नाहीत. पॅच ‘डाउनलोड होतोय, शून्य टक्के’ यावर अडकतो. हेल्पडेस्कला येणाऱ्या अशा तिकिटांचं मूळ बहुतेकदा इथे सापडतं. घरून काम करणाऱ्यांच्या व्हीपीएनच्या पट्ट्यासाठी वेगळा ग्रुप करा आणि त्यांना मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरून थेट पॅच घेऊ द्या, नाहीतर व्हीपीएन गुदमरतो.

क्लायंट टाकण्याचा सोपा आणि धोक्याचा मार्ग

संगणकावर एजंट टाकायचे अनेक मार्ग आहेत: ग्रुप पॉलिसी, विंडोजच्या इमेजमध्येच घालून, इंट्यूनमधून, हाताने. सगळ्यात मोहक मार्ग क्लायंट पुशचा. एक अकाउंट द्यायचं, ज्याला सगळ्या संगणकांवर लोकल अ‍ॅडमिनचे अधिकार आहेत, आणि ‘आपोआप’वर टिचकी मारायची. नवा संगणक सापडला की सर्व्हर स्वतः त्यावर लॉगिन होऊन एजंट टाकतो. इथे मात्र सर्व्हर खरोखर दारात जातो.

गडबड तिथेच आहे. डोमेनमधला अगदी साधा युजर ‘मी नवा संगणक आहे’ अशी खोटी नोंद करून सर्व्हरला स्वतःच्या मशिनीकडे बोलावू शकतो. सर्व्हर ते शक्तिशाली अकाउंट घेऊन दार वाजवतो, आणि पलीकडचा ती ओळख तशीच तिसऱ्या संगणकाकडे रिले करतो. त्या अकाउंटला सगळीकडे अ‍ॅडमिन अधिकार असल्यामुळे तिसरं दारही उघडतं. कित्येक ठिकाणी तर सोय म्हणून हे अकाउंट थेट डोमेन अ‍ॅडमिनमध्ये टाकलेलं असतं. मग काही बोलायलाच नको.

एकाच अकाउंटला सगळीकडे अधिकार असले की काय होतं, याचा धडा उरणजवळ, जेएनपीटी बंदरातही मिळाला होता. २७ जून २०१७ रोजी तिथलं एपी मोलर-मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. हल्ला मुळात युक्रेनवर होता. तिथल्या मेडॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम शिरला. आत शिरल्यावर तो विंडोजच्या जुन्या भोकातून पसरलाच, पण पॅच मारलेल्या मशिनींनाही त्याने सोडलं नाही. संगणकाच्या मेमरीत उरलेले अ‍ॅडमिनचे पासवर्ड उचलायचे आणि पीएसएक्झेक, डब्ल्यूएमआय अशा अ‍ॅडमिनच्याच नेहमीच्या अवजारांनी पुढच्या संगणकावर जायचं, ही त्याची दुसरी वाट होती. मर्स्कला त्यानंतर ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

तेव्हा आपोआप होणारा क्लायंट पुश बंद ठेवा. वापरायचाच असेल तर एनटीएलएमवर घसरण्याची परवानगी देणारा पर्याय काढून टाका, अकाउंटला फक्त गरजेच्या संगणकांवर अधिकार द्या, आणि लॅप्स हे मायक्रोसॉफ्टचं साधन लावून प्रत्येक मशिनीचा लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा करा. एप्रिल २०२३ पासून लॅप्स विंडोजमध्येच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

विसरलेले पासवर्ड

एससीसीएममध्ये नेटवर्क अ‍ॅक्सेस अकाउंट नावाचं एक प्रकरण आहे. डोमेनला न जोडलेला संगणक, उदाहरणार्थ विंडोज चढत असतानाची कोरी मशीन, गोदामातून फाइल उचलायला हे अकाउंट वापरतो. त्यासाठी त्याचं नाव आणि पासवर्ड पॉलिसीतून प्रत्येक क्लायंटला पाठवला जातो. तो तिथे एनक्रिप्ट केलेला असतो, पण त्या संगणकाचा लोकल अ‍ॅडमिन तो उलगडू शकतो. म्हणजे कंपनीतल्या कुठल्याही एका लॅपटॉपवर अ‍ॅडमिन झालेल्या माणसाच्या हाती हा पासवर्ड लागतो. आणि हे अकाउंट कधीकाळी कुणीतरी घाईत भरमसाट अधिकार देऊन बनवलेलं असेल, तर संपला खेळ.

बहुतेक ठिकाणी आता या अकाउंटची गरजच नाही. एनहान्स्ड एचटीटीपी चालू केलं की साइट स्वतःच आपल्या सर्व्हरांना सर्टिफिकेट देते आणि क्लायंट टोकन दाखवून फाइल घेतात. स्वतःची पीकेआय (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) असेल तर पूर्ण एचटीटीपीएस करा, ते अधिक चांगलं. नुसतं साधं एचटीटीपी २१०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनेच कालबाह्य ठरवलं आहे. पण अकाउंट कन्सोलमधून काढून टाकल्यावर काम संपलं असं समजू नका. जुन्या पॉलिसीचे अवशेष क्लायंटच्या डिस्कवर राहतात आणि तिथून पासवर्ड काढता येतो. म्हणून अकाउंट अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतच बंद करायचं.

हीच गोष्ट टास्क सिक्वेन्सची, म्हणजे विंडोज चढवण्याच्या पायऱ्यांच्या यादीची. विंडोज चढवून संगणक डोमेनला जोडायला जे अकाउंट दिलेलं असतं, त्याला एका ठरावीक ओयूमध्ये (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या कप्प्यात) संगणक जोडण्यापलीकडे काही करता येऊ नये. नेटवर्कवरून बूट होणाऱ्या पीएक्सईला पासवर्ड लावा, तोही लांब.

अशा चुकीच्या मांडण्यांची आणि त्या कशा बुजवायच्या याची पद्धतशीर यादी स्पेक्टरऑप्स या कंपनीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘मिसकॉन्फिगरेशन मॅनेजर’ नावाने खुली केली. एससीसीएम सांभाळणाऱ्याने ती एकदा तरी चाळावी. त्यातली बहुतेक भोकं सॉफ्टवेअरमधली नाहीत, उभारणीच्या दिवशी मारलेल्या टिचक्यांमधली आहेत.

सॉफ्टवेअरमधलीही असतात, अर्थात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅनेजमेंट पॉइंटमधलं एसक्यूएल इंजेक्शनचं (विनंतीतून डेटाबेसला आदेश घुसवता येण्याचं) एक भोक मायक्रोसॉफ्टने बुजवलं. लॉगिन न करता, नेटवर्कवरून नुसती विनंती पाठवून सर्व्हरचा ताबा घेता येत होता. गंभीरतेचा गुणांक दहापैकी ९.८. सगळ्या कंपनीला पॅच मारणारा सर्व्हर स्वतः मात्र वर्षभर जुन्या आवृत्तीवर, हे चित्र दुर्मिळ नाही. साइट सर्व्हरला सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या डोमेन कंट्रोलरच्याच पंगतीत बसवा. त्यावर इंटरनेट ब्राउझिंग नाही, रोजच्या अकाउंटने लॉगिन नाही, आणि कन्सोल वेगळ्या अ‍ॅडमिन मशिनीवरूनच उघडायचा.

आपल्याच माणसांपासून

एमरीसारखी चूक टाळायला पुढे सॉफ्टवेअरमध्ये कुंपणं आली. आता धोकादायक डिप्लॉयमेंटसाठी (संगणकांना सोडलेल्या आदेशासाठी) कलेक्शनच्या, म्हणजे संगणकांच्या गटाच्या, आकाराला मर्यादा घालता येते आणि ज्या कलेक्शनमध्ये साइट सर्व्हर असेल तिथे अशी डिप्लॉयमेंट अडवता येते. ही मर्यादा साइटच्या सेटिंग्जमध्ये आपल्या आकाराप्रमाणे बसवून घ्या. सर्व्हरांचं कलेक्शन वर्कस्टेशनपासून मुळापासून वेगळं ठेवा. ‘ऑल सिस्टिम्स’ या कलेक्शनवर काहीही डिप्लॉय करायचं नाही, हा नियम भिंतीवर चिकटवला तरी चालेल.

पॅच टप्प्याटप्प्याने सोडा: आधी आयटीचे स्वतःचे संगणक, दोन दिवसांनी प्रत्येक विभागातले थोडे, मग बाकीचे. प्रत्येक विभागातले थोडे का, तर अकाउंट्सवाल्यांच्या टॅलीचं किंवा डिझाइनवाल्यांच्या कॅडचं पॅचशी काय वाकडं आहे हे आयटीच्या मशिनीवर कळत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणले. ती फाइल सगळ्यांना एकदम गेली. ग्राहकांनी लावलेले टप्पे त्या प्रकारच्या फायलींना लागूच नव्हते. भारतात विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले.

अधिकारही वाटून द्या. हेल्पडेस्कच्या मुलाला स्क्रीन बघायचा अधिकार हवा, संगणक फॉरमॅट करायचा नको. तयार भूमिका दिलेल्या आहेत, त्या वापरा. पूर्ण अ‍ॅडमिन दोघं-तिघं पुरेत. कन्सोलमधून थेट स्क्रिप्ट चालवायची सोय आहे, तिच्यात स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला स्वतःची स्क्रिप्ट मंजूर करता येत नाही असं मुळातच ठरवलेलं असतं. टीम लहान असली की ती अट पहिल्याच आठवड्यात काढून टाकली जाते. काढू नका. आणि कर्मचाऱ्याची स्क्रीन उघडण्याआधी त्याची परवानगी मागणारी खिडकी चालूच ठेवा.

भारतातल्या कंपन्यांना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घड्याळं ठरवून दिलेल्या एनटीपी (अचूक वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरांशी जुळवावी लागतात. एससीसीएमचे लॉग ठरावीक आकाराचे झाले की स्वतःवरच पुन्हा लिहितात, म्हणून ते वेळेवर बाहेर पाठवण्याची सोय करा.

बॅकअपबद्दल एवढंच, की तो त्याच डोमेनमध्ये, त्याच अकाउंटच्या हाताशी ठेवू नका. मर्स्कचे जगभरचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर एकमेकांचे बॅकअप होते आणि सगळे एकत्र गेले. वाचला तो घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. तिथली लाइन इतकी मंद होती की ती डिस्क माणसाकरवी नायजेरियामार्गे इंग्लंडला न्यावी लागली.

लहान ऑफिसचं काय

शंभर-दोनशे संगणक असतील तर एससीसीएमच्या वाटेला जाऊ नका. सर्व्हर, एसक्यूएल आणि ते समजणारा माणूस हा खर्च परवडत नाही. इंट्यून घ्या, त्याला सर्व्हर लागत नाही. दोन्ही एकत्र चालवायचीही सोय २०१७ पासून आहे, आणि मोठ्या कंपन्या सध्या त्याच वाटेने हळूहळू क्लाउडकडे सरकतायत.

क्लाउडमध्ये धोका संपत नाही, जागा बदलतो. तिथे एक फिशिंग मेल आणि एका अ‍ॅडमिनचा पासवर्ड पुरतो. अ‍ॅडमिन अकाउंटांना फिशिंगने फसणार नाही असं दुहेरी प्रमाणीकरण सक्तीचं करा, आणि मोठ्या कृतींना दुसऱ्या अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल असा पर्याय चालू करा. कर्मचाऱ्यांचे स्वतःचे फोनही जोडलेले असतील, तर नोकरी सोडणाऱ्याच्या फोनवर ‘रिटायर’ दाबायचं की ‘वाइप’, हे हेल्पडेस्कला लेखी सांगून ठेवा. रिटायरने फक्त कंपनीचा डेटा जातो. वाइपने त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटोही जातात.